‘भारतीय कावळा’ कावळाही नव्हे, भारतीयही नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मध्यंतरी जगभरच्या हस्तकलांचं एक पान आलं होतं. त्याच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, सॅमन माशासाठी गळावर पिसं बांधून केलेली एक ‘फ्लाय’ होती. सावंतवाडीहून माझ्या धाकट्या बहिणीनं त्याचा फोटो पाठवला, ‘ताई, तुझं काम पेपरात आलं’ म्हणून. मी चौकट मोठी करून पाहिली. बांधणी फार सुरेख होती. पंखाची तशी कमान साधायला मला सात वर्षं लागली. पण चित्राखाली लिहिलं होतं की ही माशी भारतीय कावळा आणि रानकोंबडा यांच्या अस्सल पिसांची आहे. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, रानकोंबड्याचा ठेवा.

वडिलांचं सावंतवाडीत चितार आळीच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. 1991 साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी स्कॉटलंडमधल्या पर्थला आले आणि इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काम केलं. पर्थ टे नदीच्या काठी आहे. 15 जानेवारीला या नदीवर सॅमनचा हंगाम उघडतो. त्या दिवशी बर्फ असो की पाऊस, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. याच नदीत 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या बाईनं 64 पौंडांचा सॅमन धरला. ब्रिटनमध्ये गरीवर धरलेल्या सॅमनचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही. शेजारी एक निवृत्त गिली राहायचे. गिली म्हणजे गरवायला आलेल्या पाहुण्यांना मासा कुठल्या डोहात असेल ते दाखवणारा, होडी सांभाळणारा माणूस. एकदा मी वडिलांचं भिंग डोळ्याला लावून खिडकीपाशी घड्याळाची केसासारखी स्प्रिंग बसवत होते, ते त्यांनी बाहेरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते एक लाकडी पेटी घेऊन दारात उभे. पेटीत पिसं, रेशीम आणि गळ होते. तिथून मला हा नाद लागला. मी मासे धरत नाही, फक्त बांधते.

आपल्याकडे गरीला कोळंबी नाहीतर गांडूळ लावतात, मासा खायला येतो आणि अडकतो. सॅमनचं तसं नाही. समुद्रात मोठा झालेला हा मासा अंडी घालायला नदीत चढला की खाणं सोडतो. तरीही पाण्यातून समोरून काही सरकत गेलं तर कधीकधी झडप घालतो. राग येतो म्हणून, की पिल्लू असताना याच नदीत किडे खाल्ल्याची आठवण जागी होते म्हणून, यावर गिली लोक रात्र रात्र वाद घालतात. मासा खायला येतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी केलेली फ्लाय कुठल्याही खऱ्या किड्यासारखी दिसायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात बांधणाऱ्यांनी ही मोकळीक पुरेपूर घेतली.

‘जॉक स्कॉट’ नावाची फ्लाय घ्या. याच नावाचा एक गिली लॉर्ड जॉन स्कॉट यांच्याकडे ट्वीड नदीवर चाकरीला होता, आणि 1850 च्या सुमारास नॉर्वेला जाताना बोटीवर त्यानं ती पहिल्यांदा बांधली असं सांगतात. मी आजवर शंभरेक बांधल्या असतील आणि त्यांतल्या चारच मला मनापासून आवडतात. जुन्या पद्धतीच्या गळाला टोकाशी भोक नसतं. त्यामुळे आधी रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीतून ताणून काढलेला तंतू कोमट पाण्यात भिजवून, पीळ देऊन, त्याचा फासा गळाच्या दांड्याला बांधायचा. हे तंतू पूर्वी स्पेनमधल्या मुर्सियाहून यायचे. मग शेपटाकडच्या टोकाला चांदीच्या कलाबतूचे तीनचार वेढे आणि त्याला लागून पिवळ्या रेशमाचे. हे रेशीम पिळाचं नसतं, अगदी सुटं असतं. बोटाला घाम किंवा हळद असली की ते मळतं आणि मळलं की उजळत नाही. मी कालवणात हात घातला त्या दिवशी पिवळं रेशीम उघडतच नाही. शेपटाला गोल्डन फेजंट या पक्ष्याच्या तुऱ्यातलं सोनेरी पीस येतं, त्यावर तांबडं पीस, मग शहामृगाच्या काळ्या पिसाच्या तंतूचा एक गोंडा. अंगाचे दोन सारखे भाग करायचे, मागचा पिवळा आणि पुढचा काळा. दोन्हींवर कलाबतूचे तिरपे वेढे समान अंतरानं पडायला हवेत. मधल्या सांध्यावर मोठ्या चोचीच्या टूकन पक्ष्याची पिवळी पिसं वर आणि खाली, आणि पुढच्या काळ्या भागावर काळ्या कोंबड्याच्या पिसाची झालर.

हे सगळं झालं की पंख, आणि खरी परीक्षा तिथेच असते. पिसाच्या दांडीतून निघणाऱ्या प्रत्येक तंतूला डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. शेजारच्या तंतूंचे आकडे एकमेकांत अडकतात म्हणून पीस अखंड दिसतं. बांधणारा टर्कीचे चार तंतू घेतो, त्यांना निळ्या रंगवलेल्या हंसाचे दोन लावतो, मग पिवळे दोन, मग लाल मकाव पोपटाचे, मग तणमोराच्या जातीच्या पक्ष्यांचे ठिपकेदार. बोटांच्या चिमटीत हलकेच सारत गेलं की ते एकमेकांना धरतात आणि अनेक पक्ष्यांचं मिळून एकच पीस तयार होतं. इंग्रजीत याला पिसांचं लग्न लावणं म्हणतात. डाव्या पंखाच्या तंतूला उजव्याचा तंतू चालत नाही, आकड्यांची दिशाच उलटी पडते. म्हणून उजवीकडचा आणि डावीकडचा पंख वेगवेगळा जुळवावा लागतो आणि दोन्ही तंतोतंत सारखे यावे लागतात. घड्याळाच्या कामात वडील सांगायचे, स्प्रिंग बसवताना श्वास सोडून घे, मग हात लाव. पंख गळावर बसवताना मी अजून तसंच करते. पंखावर कमानीसारखा फेजंटचा सोनेरी तुरा येतो. तो ओला करून काचेच्या पेल्याला आतून चिकटवून रात्रभर ठेवला की हवा तसा वळतो. आणि शेवटी दोन्ही बाजूंना एकेक डोळा, म्हणजे डोळ्यासारखा ठिपका असलेलं पीस. हा डोळा रानकोंबड्याचा.

आता आपल्या ओळीतला पहिला शब्द. शेपटावरचं तांबडं पीस ज्या पक्ष्याचं असायचं त्याला व्हिक्टोरियन काळातले बांधणारे ‘इंडियन क्रो’ म्हणत. तो कावळ्याच्या कुळातला नाही आणि त्यानं भारत पाहिलेला नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत राहणारा, गळ्यावर लाल झालर असलेला फळं खाणारा पक्षी आहे. त्याच फ्लायवरच्या निळ्या पिसाचा मालक कोटिंगा, तोही तिकडचाच. या नावाचं मराठीत सरळ भाषांतर झालं की आपल्या अंगणातल्या कावळ्याला मारून कोणी पिसं काढतं असा समज होतो. तो कृपया दुरुस्त करावा.

खरोखर आपला जो पक्षी या फ्लायवर आहे, त्याच्या इंग्रजी नावात भारताचा उल्लेखही नाही. ‘जंगल कॉक’ एवढंच. हा राखाडी रानकोंबडा, सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत आणि खाली निलगिरी, अन्नमलईपर्यंत. भारताबाहेर कुठल्याही रानात हा आढळत नाही. सॉनेरा नावाच्या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं. स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वेमधल्या जुन्या पेट्यांत जो जो डोळा चमकतो, तो आपल्या घाटातल्या कुठल्या ना कुठल्या कोंबड्याच्या मानेवरून आलेला आहे.

मी तो लहानपणी आंबोलीत ऐकला आहे. बेळगावच्या पहिल्या एसटीसाठी वडील आणि मी धुक्यात उभे होतो. समोरच्या करवंदीच्या जाळीतून तुटक, घोगरी बांग आली. घरच्या कोंबड्यासारखी ती लांबत नाही, शेवटी तुटते. वडील म्हणाले, ‘‘ऐक, रानकोंबो साद घालता.’’ थोड्या वेळानं तो रस्त्याच्या कडेला आला, दोन पावलं टाकली आणि आम्हाला पाहून आत शिरला. मानेवरची पिसं तेवढ्यात दिसली. काळ्या-राखाडी पिसावर खाली पांढरट थेंब, टोकाशी पिवळसर केशरी. तंतू एकमेकांत विरघळून तिथे पिसाची चकती झालेली असते, हात लावला तर मेणासारखी गुळगुळीत आणि कडक. प्रजननाचा काळ संपला की पावसाळ्यात तो ही मान झाडून टाकतो आणि साधी, काळपट पिसं धारण करतो. म्हणजे हा साज वर्षातून काही महिनेच त्याच्या अंगावर असतो, आणि माणसानं नेमका तोच हेरला.

दोन वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या मुलाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो घाटाखालच्या एका गावात पर्यटकांसाठी घरातल्या दोन खोल्या चालवतो. फोटोत मीठ चोळून वाळवलेलं मानेचं कातडं होतं, डोळे ओळीनं उभे. खाली आवाजी निरोप होता, ‘‘मावशे, हेचे किती पैसे मेळतले गो?’’ त्याच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्यानं अशी पिसं मिळतील का म्हणून विचारलं होतं. गावातल्या कोणीतरी फासकी लावून कोंबडा धरला आणि मान त्याच्याकडे आणून दिली.

मी लगेच फोन केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याची शिकार आणि पिसांचा व्यापार दोन्ही गुन्हा आहेत, तुरुंगात जाशील, असं सगळं एका दमात सांगितलं. तो घाबरला आणि रागावलाही. मग म्हणाला, ‘‘मगे तू खंयची पिसां वापरतंस?’’

मला उत्तर देता आलं नाही. गिलींनी दिलेल्या पेटीत एक मान होती. कातड्याच्या मागे कुठल्याशा दुकानाचा पुसट शिक्का, पिवळी पडलेली चिठ्ठी. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली, म्हणजे 1972 च्या कायद्याच्या कितीतरी आधीची. कायद्यानं मी कुठेही चुकत नव्हते. पण त्या मानेतली चाळीसएक पिसं मी गेल्या काही वर्षांत वापरली होती, त्या फ्लायची चित्रं नातेवाइकांना पाठवली होती, आणि त्यातूनच भाच्याला कळलं होतं की या पिसाला परदेशात किंमत आहे. ही गोष्ट मी त्याला त्या दिवशी कबूल केली. आज इथे वाचकांसमोर करते.

इथे ब्रिटनमध्ये पाळून वाढवलेल्या रानकोंबड्यांच्या माना उघडपणे विकत मिळतात. चांगली मान शंभर पौंडांच्या वर जाते. ते बेकायदा नाही आणि माझे काही मित्र तीच वापरतात, त्यांना मी दोष देत नाही. पण पाळलेल्या कोंबड्याचा डोळा आणि फासकीतला डोळा यांत फ्लायवर बसल्यावर काही फरक उरत नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर सगळं चालतं. आणि जिथे ‘अस्सल’ हा शब्द कौतुकानं छापला जातो तिथे फासकी लावणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. म्हणून या शब्दाला माझी हरकत आहे.

हा हव्यास कुठपर्यंत जातो ते 2009 साली दिसलं. लंडनजवळच्या ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून एका संगीत शिकणाऱ्या तरुणानं एका रात्रीत 299 पक्ष्यांची कातडी चोरली. फ्लाय बांधणाऱ्यांना विकण्यासाठी. त्यांतली काही निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकात मलाया द्वीपसमूहात गोळा केलेली होती. परत मिळालेल्यांपैकी अनेकांच्या पायांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कधी, कुठे धरला हे त्या चिठ्ठीवर असतं, आणि ती गेली की संशोधकाला कातड्याचा जवळजवळ काहीच उपयोग उरत नाही. तो तरुण फ्लाय फार सुंदर बांधायचा. त्याचं काम मी पाहिलं आहे आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटतं.

काही जण म्हणतात, जुनी कृती जशीच्या तशी ठेवायची तर पीसही तेच हवं. मला हे पटत नाही. या रंगीत फ्लाय स्कॉटलंडच्या नद्यांवर फार जुन्या नाहीत. त्याआधी ट्वीड आणि स्पे नद्यांवर टर्कीची, बगळ्याची, घरच्या कोंबड्याची करडी-तपकिरी पिसं बांधत आणि मासे तेव्हाही लागत. भडक फ्लाय आयर्लंडकडून आल्या, आणि साम्राज्याच्या बोटींतून लंडनच्या बाजारात परदेशी पिसं पडू लागली तशा त्या वाढत गेल्या. जॉर्ज केल्सन यांनी 1895 मध्ये त्यांच्या कृतींचा मोठा ग्रंथच काढला. त्यात अमुक फ्लायला अमुकच पक्षी हवा असं ठासून सांगितलं आहे. माशानं तसं कधी सांगितलेलं नाही. खुद्द भारतातून पक्ष्यांच्या पिसांची निर्यात 1902 साली ब्रिटिश सरकारनंच बंद केली होती आणि ब्रिटननं 1921 मध्ये आयातबंदीचा कायदा केला. आज तर नदीवर माणसं केसांच्या साध्या फ्लाय वापरतात, आणि धरलेला मासा सोडून देणं हाच रिवाज झाला आहे; 2023 च्या अखेरीस तर ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींत गणला गेला. जुन्या फ्लाय आता चौकटीत बसवून भिंतीवर लावायच्या आहेत. भिंतीसाठी रानातला पक्षी कशाला मारायचा?

भाच्याच्या त्या प्रश्नानंतर मी डोळे रंगवायला लागले. सावंतवाडीच्या चितार आळीत लहानपणी गंजिफाचे पत्ते आणि लाकडी फळं रंगवणारे हात मी रोज पाहत होते. कुंचल्याच्या टोकावर किती रंग घ्यायचा की तो पसरत नाही, थेंब होऊन बसतो, हे तिथे पाहूनच डोक्यात राहिलं होतं. काळ्या कोंबडीच्या मानेचं लहान पीस घेते, खालचे भुरभुरे तंतू काढते. पातळ वॉर्निश बोटानं वरून खाली फिरवलं की तंतू एकमेकांना चिकटून पट्टी होते. ती वाळली की हस्तिदंती रंगाचा थेंब. दुसऱ्या दिवशी टोकाशी पिवळसर केशरी, त्यात लाल अगदी सुईच्या टोकाएवढा. त्यावर परत पातळ वॉर्निश. पहिले साठ डोळे फेकून दिले. थेंब मधोमध बसत नव्हता, नाहीतर चमक खोटी यायची. साधारण दीड वर्षानं जमलं. मागच्या हिवाळ्यात मंगळवारच्या आमच्या बैठकीत मी दोन जॉक स्कॉट शेजारी ठेवल्या, एक जुन्या मानेतल्या पिसाची, एक रंगवलेली. गिलींचा थोरला मुलगा, जो जन्मभर नदीवर आहे, त्यानं भिंग घेऊन पाहिलं आणि रंगवलेलीकडे बोट दाखवून म्हणाला, ही वडिलांच्या पेटीतली. तांबड्या पिसासाठी रंगवलेलं फेजंट, टूकनसाठी पिवळी रंगवलेली कोंबडी, मकावसाठी रंगवलेलं बदक. या सगळ्यांनी फ्लाय होते, आणि चांगली होते.

आपल्या वाचकांत घाटाच्या आसपास घरगुती खोल्या चालवणारे, शिक्षक, वनखात्यातली माणसं असतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ‘मानेची पिसं मिळतील का’ असं विचारणारा पाहुणा आला तर त्याला साफ नाही म्हणा आणि वनखात्याला कळवा. गावातल्या मुलांना हा पक्षी आपल्या देशाबाहेर कुठल्या रानात नाही हे सांगा. मला स्वतःला हे वयाच्या पन्नाशीनंतर इथे येऊन कळलं. आणि कोणाला ही कला शिकायची असेल तर जरूर शिकावी. पैठणीचं, जरीचं, नथीचं काम ज्या हातांना येतं त्या हातांना ही येईल. कोंबडी घरचीच पुरते.

भाच्यानं ते कातडं परसात पुरलं. फासकी कोणी लावली हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं असं आता वाटतं. गेल्या मार्चमध्ये पहाटे त्यानं एक निरोप पाठवला. त्यात तो काहीच बोलत नाही. सुरुवातीला वारा आहे, कुठेतरी मोटारसायकल जाते, आणि मग ती घोगरी, शेवटी तुटणारी बांग दोनदा येते.

संपादकसाहेब, ते चित्र पुन्हा कधी छापलंत तर खालची ओळ अशी द्यावी ही विनंती: ‘जॉक स्कॉट, सॅमनची पारंपरिक फ्लाय. मूळ कृतीत दक्षिण अमेरिकेतल्या आणि भारतातल्या रानपक्ष्यांची पिसं असत. आज ती पाळीव पक्ष्यांच्या रंगवलेल्या पिसांनीही बांधतात.’

आपली,
एक वाचक
पर्थ, स्कॉटलंड (मूळ सावंतवाडी)